काजू कारखान्यातला मोबाइल कोर्स: कुठे कुलूप घातलं, कुठलं काढलं (प्रकल्प नोंदी)

वेंगुर्ले तालुक्यातल्या एका लहान काजू प्रक्रिया कारखान्यासाठी मी मोबाइलवरचा प्रशिक्षण कोर्स करते आहे. शिकणाऱ्या सगळ्या बायका आसपासच्या वाड्यांतल्या. वर्ग नाही, समोर शिक्षक नाही, जिला जेव्हा सवड मिळेल तेव्हा तिने शिकायचं. मजकूर लिहायला आणि फोटो काढायला मला तीन आठवडे लागले. पण शिकणारीला एका पानावरून दुसऱ्या पानावर कधी जाऊ द्यायचं आणि कधी अडवायचं, एवढ्या एका गोष्टीत अडीच महिने गेले. कुणी असंच काम हाती घेतलं असेल तर तेच दिवस त्यांचेही जाऊ नयेत, म्हणून या नोंदी.

सामान: मूडल (ऑनलाइन कोर्स चालवायची प्रणाली, फुकट), भाड्याचा छोटा सर्व्हर महिना ७०० रुपये, चाचणीसाठी एक जुना अँड्रॉइड फोन ४,२०० रुपये, आवाज रेकॉर्ड करायला माइक १,१०० रुपये.

११ नोव्हेंबर

मालकांसोबत बसून आराखडा पक्का केला. पाच भाग: तेल आणि हात, उकडणं-फोडणं, ड्रायर, सोलणं, प्रतवारी. एकूण ३८ घटक. घटक म्हणजे एखादं पान, चित्रफीत किंवा प्रश्नसंच.

मालकांचं एकच मागणं होतं. कुणीही काहीही वगळून पुढे जाता कामा नये. त्यामागे कारण आहे. मागच्या हंगामात एक नवी मुलगी पहिल्याच दिवशी फोडायला बसली. टरफलातलं तेल हातावर उतलं आणि आठ दिवस तिला घरी बसावं लागलं. ज्यांच्या घरी बिब्बा उतलेला पाहिलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं असंही नाही. सांगितलं होतं, पण घाईत, आणि तिनेही मान हलवली होती.

मला त्यांचं म्हणणं पटलं. सगळंच कुलूपबंद करायचं ठरवलं.

१३ ते १५ नोव्हेंबर

मूडलमध्ये प्रत्येक घटकाला 'अमुक पूर्ण झाल्याशिवाय हे उघडू नये' अशी अट घालता येते. ३८ घटकांना ३७ अटी घातल्या, प्रत्येक हाताने, आधीच्या घटकाचं नाव निवडून. त्यात तीन संध्याकाळी गेल्या. पूर्ण झाल्याची खूण शिकणारीने स्वतः करायची, पानाच्या बटणावर टिक करून, असं ठेवलं. स्वतः टिक करताना ती विचार करेल असं मला वाटलं होतं.

अटीच्या शेजारी डोळ्याचं चिन्ह असतं. ते उघडं ठेवलं तर बंद घटक फिका दिसतो आणि तो का बंद आहे ते खाली लिहून येतं. मिटलं तर घटक दिसतच नाही. पडदा स्वच्छ दिसावा म्हणून मी सगळे डोळे मिटले. ही चूक तीन दिवसांनी कळली.

१८ नोव्हेंबर

पहिली चाचणी. सहा जणी: चार नव्या, दोन जुन्या. दुपारच्या जेवणानंतर पॅकिंगच्या खोलीत बसलो.

पाच मिनिटांत एक मुलगी फोन माझ्या हातात देऊन म्हणाली, "बाय, संपला वाटता ह्यां." तिने पहिलं पान वाचलं होतं, टिक केली नव्हती, आणि त्याखाली तिला काहीच दिसत नव्हतं. तिच्या दृष्टीने कोर्स एका पानाचा होता आणि तो झाला होता. मी सांगितलं नसतं तर ती खुशीत घरी गेली असती.

बाकी तिघी चौथ्या-पाचव्या पानाशी अडल्या. टिक करायचं बटण तिथे होतं, पण लहान फोनवर ते वर सरकून दिसेनासं होत होतं. पान वाचत खाली आल्यावर परत वर जायचं हे कुणाला सुचेल? चाळीस मिनिटांत पहिला भाग पूर्ण करणाऱ्या दोघीच निघाल्या. त्यातल्या एकीच्या शेजारी मी बसले होते.

१९ नोव्हेंबर

दोन दुरुस्त्या. सगळे डोळे उघडले, बंद घटक फिके दिसू लागले. आणि हाताने टिक करायची पद्धत काढून 'पान उघडलं की पूर्ण' अशी केली.

दुसरी दुरुस्ती करताना मूडलने इशारा दिला होता की कुणीतरी हा घटक आधीच पूर्ण केला आहे, सेटिंग उघडलं तर ती नोंद पुसली जाईल. मी वाचलं आणि पुढे गेले. एक, दोन, तीन... अकरा घटक. संध्याकाळी अहवाल उघडला तर सहाही जणींच्या टिका गेलेल्या. ज्या दोघींनी पहिला भाग पूर्ण केला होता त्यांच्याही.

दुसऱ्या दिवशी त्यांच्यातली एक विचारत आली, "माझां झालेलां ना?" तिला काय सांगायचं हे मला कळेना. शेवटी पूर्णतेच्या अहवालात जाऊन प्रत्येकीच्या नावापुढच्या चौकोनावर हाताने खूण केली. शिक्षकाच्या खात्यातून तशी खूण करता येते, हे तेव्हा कळलं. सहा जणी होत्या म्हणून निभावलं. साठ असत्या तर दोन दिवस त्यातच गेले असते.

पूर्ण होण्याची पद्धत पहिली शिकणारी आत येण्याआधीच ठरवून टाका. नंतर बदलावीच लागली तर आधी अहवाल उतरवून घ्या.

२० नोव्हेंबर

मूडलवर मराठी भाषा-पॅक टाकला होता, तरी फिक्या घटकाखालची अट अर्धी इंग्रजीत आणि अर्धी कचेरीच्या मराठीत येत होती. भाषा बदलायच्या सोयीतून ती वाक्यं आमच्या बोलीजवळ आणली: 'आधी हे बघा, मग हे उघडेल', आणि पुढे त्या पानाचं नाव. अर्ध्या तासाचं काम. इतक्या दिवसांत याहून उपयोगी अर्धा तास दुसरा गेलेला नाही. कुलपाशी थांबलेल्या बाईला किल्ली कुठे आहे ते दिसू लागलं आणि मला येणारे फोन निम्म्याहून कमी झाले.

२५ नोव्हेंबर

आता उलटा प्रश्न आला. 'पान उघडलं की पूर्ण' केल्यावर सगळ्या भराभर पुढे जाऊ लागल्या. तेलाच्या भागात नऊ पानं आहेत. एकीने ती दोन मिनिटांत संपवली.

मालक म्हणाले वेळ बांधून द्या. तेलाचा भाग मूडलच्या 'लेसन' प्रकारात हलवला. त्यात 'किमान इतका वेळ घालवलाच पाहिजे' अशी अट आहे. १० मिनिटं ठेवली.

२८ नोव्हेंबर

अहवालात सगळ्यांची वेळ १० ते ११ मिनिटं. मालक खूश झाले. माझं समाधान होईना, म्हणून दोघींच्या घरी गेले. एकीने फोन ओट्यावर ठेवला होता आणि ती वाटण वाटत होती. मध्येमध्ये हात पुसून पडद्याला बोट लावत होती, अंधार होऊ नये म्हणून. मी विचारलं, हातावर तेल उडालं तर आधी काय करायचं? "धुवचा," ती म्हणाली. कशाने? "पाण्यान."

नुसत्या पाण्याने ते तेल सुटत नाही. आधी खोबरेल किंवा एरंडेल लावून पुसायचं, मग साबणाने धुवायचं, आणि तोवर हात डोळ्याकडे न्यायचा नाही. हेच त्या नऊ पानांचं सार आहे, आणि दहा मिनिटं पूर्ण करूनही ते तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं.

वेळेची अट काढली. तिच्या जागी तीन प्रसंग घातले, फोटोसह. हातावर तेल उडालंय, समोर चार वस्तू आहेत, आधी कशाला हात घालाल? उत्तर बरोबर आलं तरच पुढे. पहिल्या प्रयत्नात मी चुकलेल्या उत्तरावरून थेट पहिल्या पानावर पाठवत होते. त्यावर दोघींनी फोन बंदच केला. मग लेसनमधली उडी बदलली. चुकलं की त्याच मुद्द्याचा एक फोटो आणि वीस सेकंदांचा आवाज, तिथून परत त्याच प्रश्नावर. आता सरासरी वेळ सहा मिनिटांवर आली आहे आणि तोंडी विचारलं तरी उत्तर येतं.

२ डिसेंबर

दीड दिवस वाया. ड्रायरच्या भागात दोन पानं एकसारखी झाली होती, त्यातलं एक काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी सुपरवायझर ताईंचा फोन: सोलण्याचा भाग कुणाचाच उघडत नाही.

मी माझ्याकडून उघडून पाहिलं, उघडला. दुसऱ्या ब्राउझरमधून पाहिलं, उघडला. त्यांना म्हटलं, रेंज नसेल. फोन बंद करून चालू करा म्हटलं. अॅप काढून परत टाका म्हटलं. हे सगळं त्या बिचाऱ्यांनी पाचही फोनवर केलं.

कारण असं निघालं: सोलण्याच्या भागाची अट मी काढून टाकलेल्या पानावर टांगलेली होती. पान गेलं तरी अट राहते, आणि नसलेलं पान कुणाचंच कधी पूर्ण होत नाही. ते कुलूप मग कायमचं बंद. आणि मला ते दिसलं नाही, कारण शिक्षकाच्या आणि व्यवस्थापकाच्या खात्याला मूडल या अटी लावतच नाही. माझ्यासाठी सगळी दारं आधीपासून उघडीच होती. पंधरा दिवस मी बाहेरून कडी लावलेल्या खोलीची तपासणी आत बसून करत होते.

तेव्हापासून तो ४,२०० रुपयांचा फोन फक्त 'विद्यार्थिनी' म्हणून वापरते. काहीही बदललं की त्या फोनवर साध्या खात्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत जाते. कंटाळवाणं आहे, पण सुटका नाही. जिथे शक्य तिथे अटही बदलली. नाव घेऊन 'अमुक पान' असं न म्हणता 'याच्या आधीचा घटक' असं निवडता येतं. मग मधला एखादा काढला किंवा घातला तरी साखळी तुटत नाही.

९ डिसेंबर

कारखान्यातल्या सर्वांत जुन्या काकींना आज कोर्स दिला. आजवर मी त्यांना टाळत होते, कारण त्या काय म्हणतील ते मला माहीत होतं. तेच म्हणाल्या. "वीस वर्सां बियो फोडतंय मी. माका बी कशी असता ता कित्याक शिकवतास?"

खरंच आहे ते. हाताने दांडा दाबून आणि पायाने पट्टी दाबून बी मधोमध उघडायची, गर अख्खा बाहेर काढायचा, हे त्या न बघता करतात. त्यांना 'उकडलेली बी अशी दिसते' या पानावर रोखून धरणं मलाच लाजिरवाणं वाटलं. दुसरीकडे मालकांना प्रत्येकीची नोंद हवी आहे.

मार्ग असा काढला. प्रत्येक भागाच्या दाराशी पाच प्रश्नांची थेट परीक्षा ठेवली. पुढच्या भागाच्या अटीत दोन गोष्टी घातल्या आणि 'दोन्ही' ऐवजी 'यांपैकी कोणतीही एक' निवडलं: थेट परीक्षा पास, नाहीतर आधीचा भाग पूर्ण. जिला येतं ती पाच प्रश्नांत पुढे जाईल, जिला येत नाही ती पानं बघून. हा बदल पहिल्या दिवशीच हवा होता.

काकी फोडणं आणि सोलणं दोन्ही झटक्यात पार झाल्या, तेलाच्या भागात अडल्या. प्रश्न होता: फोडायला बसण्यापूर्वी हाताला काय? माझं उत्तर: हातमोजे. त्यांनी 'एरंडेल' निवडलं, दोनदा. तिसऱ्यांदा माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हातमोजे घातल्यार गर हाताक लागणा नाय. दुखापत होता ती वायली."

मी अहवाल उघडला. या प्रश्नावर जुन्यांपैकी प्रत्येकीने एरंडेलच निवडलं होतं, आणि नव्या मुली हातमोज्याचं उत्तर देऊन पास होत होत्या, पण यंत्रावर मोजे काढून ठेवत होत्या. माझ्या कुलपाने खरं सांगणाऱ्यांना अडवलं होतं आणि पाठ म्हणणाऱ्यांना सोडलं होतं. काकी, सुपरवायझर ताई आणि मालक यांना एकत्र बसवलं. ठरलं असं की फोडताना हाताला एरंडेल, दर थोड्या वेळाने परत लावायचं. टरफलं भरताना आणि उचलताना मोजे. सोलायच्या खोलीत हात साबणाने धुतल्याशिवाय पाऊल नाही. तीनही जागांचे वेगळे प्रश्न केले.

प्रश्नसंचात आणखी एक सेटिंग बदललं. मी 'क्रमाने' ठेवलं होतं, म्हणजे एकदा पुढच्या प्रश्नावर गेलं की मागे येता येत नाही. काम करून आलेली बोटं तेलकट असतात, स्पर्श भलतीकडे लागतो. ते 'मुक्त' केलं.

१६ डिसेंबर

रेंज. हे आधी धरायला हवं होतं, मी राहते कोकणातच. आमच्याकडे वाड्या डोंगराच्या कुशीत, खाडीच्या काठाला. एका घरात चार दांड्या आणि शेजारच्या घरात एकही नाही. "माझो मोबाइल आंगणात चलता, घरात चलणा नाय," असं मला तिघींनी सांगितलं.

मूडलच्या अॅपमध्ये भाग आधी उतरवून ठेवता येतो, म्हणून मी निश्चिंत होते. पण कुलूप उघडायचं की नाही हे सर्व्हर ठरवतो. बाईने घरी रेंजशिवाय एक पान पूर्ण केलं की ती खूण फोनमध्येच राहते, सर्व्हरला पोचत नाही, आणि पुढचं पान फिकंच. ३७ कुलपं म्हणजे रेंजसाठी अंगणात ३७ फेऱ्या. रात्री नऊनंतर, घरचं आवरून झाल्यावर.

म्हणून भागाच्या आतली सगळी कुलपं काढली. प्रत्येक भागाची पानं एकाच 'पुस्तका'त बांधली, आत हवं तसं फिरा. कुलूप राहिलं ते फक्त भागाच्या दाराशी. कारखान्यात वायफाय आहे. दुपारच्या सुट्टीत फोन तिथे जोडला की रात्रीच्या खुणा वर जातात, पुढचा भाग उघडतो, तो तिथेच उतरवून घरी न्यायचा. सुपरवायझर ताईंनी भिंतीवर खडूने लिहिलं: 'जेवताना फोन वायफायला'.

३७ वरून ४.

२२ ते २७ डिसेंबर

प्रतवारीसाठी साठ कार्डांचा खेळ कुडाळच्या एका मुलाकडून करून घेतला होता, ९,००० रुपये. फोटो बघून सांगायचं: अख्खा की पाकळी की तुकडा की कणी, अख्खा असेल तर दोनशेदहा, दोनशेचाळीस की तीनशेवीस. हे आकडे म्हणजे एका पौंडात, साधारण ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती गर बसतात ते. आकडा लहान तेवढा गर मोठा. नव्या मुलींना हे उलटं वाटतं, म्हणून खेळ.

खेळ स्कॉर्म १.२ या जुन्या पद्धतीच्या पॅकेटमध्ये आला. स्कॉर्म म्हणजे बाहेर तयार केलेला धडा मूडलसारख्या प्रणालीत चढवायची ठरलेली पद्धत. तक्रार अशी की मध्येच सोडून परत आलं की खेळ नेहमी चोविसाव्या कार्डावरच सुरू होतो. चाळिसावर सोडा, पन्नासावर सोडा, परत येताना चोवीसच. तीन दिवस आम्ही रेंजला दोष दिला. चौथ्या दिवशी त्या मुलाने मूडलच्या अहवालात साठवलेली नोंद उघडून पाहिली.

स्कॉर्म १.२ मध्ये 'कुठवर आलो' ही नोंद ठेवायला ४,०९६ अक्षरांची जागा असते. खेळ प्रत्येक कार्डाचं उत्तर शब्दांत साठवत होता, आणि देवनागरी शब्द साठवताना प्रत्येक खुणेचा सहा अक्षरांचा संकेत करत होता. 'पाकळी' दिसायला तीन अक्षरं. पण आत प, काना, क, ळ, वेलांटी अशा पाच खुणा, म्हणजे ३० जागा. कार्डाचं नाव, दिलेलं उत्तर, बरोबर उत्तर मिळून एका कार्डाला १७० च्या आसपास. चोवीस कार्डांत पोतं भरलं. पुढचं नाकारलं जायचं आणि शेवटची मान्य झालेली नोंद तशीच राहायची.

इंग्रजीत केलेल्या खेळात हे बहुधा दिसलंच नसतं, म्हणून मराठीत काम करणाऱ्यांनी हे आधीच तपासावं. उपाय सोपा निघाला: शब्द साठवायचे नाहीत, प्रत्येक उत्तराला एक आकडा. साठ कार्डं दीडशे अक्षरांत मावली. मुलाने जास्तीचे पैसे घेतले नाहीत. पाच दिवस मात्र गेले. स्कॉर्म २००४ मध्ये जागा पुष्कळ मोठी आहे, पण मूडल त्या पद्धतीचे क्रमाचे नियम पाळत नाही, म्हणून तिकडे गेलो नाही.

याच पॅकेटात दुसरा घोळ होता. खेळाचं स्वतःचं 'पुढे' बटण आणि त्याच्या वरच मूडलचा बाण. बायका मूडलचा बाण दाबून खेळातून बाहेर पडत होत्या. मूडलच्या सेटिंगमध्ये त्याची यादी आणि बाण दोन्ही लपवता येतात. लपवले. एका पडद्यावर 'पुढे' एकच असावं.

६ जानेवारी

प्रतवारीचे फोटो परत काढले. पहिले सगळे वेंगुर्ला-७ च्या बियांचे होते. त्या जातीची बी मुळात मोठी, आणि शेजारी मोजायला काही नाही. सगळ्यांनी गर एक प्रत मोठा सांगितला. आता प्रत्येक फोटोत एक रुपयाचं नाणं ठेवलं आहे. एक दिवस, खर्च नाही.

१९ जानेवारी

चार कुलपांचा परत विचार केला. यासाठी कागदावर दोनच रकाने आखले: हे पान न बघता ती कामाला बसली तर काय होईल, आणि काय झालं ते भरून निघेल का.

तेल न समजता फोडायला बसली तर हात जातो. कुलूप राहणार. बॉयलरची वाफ आणि ड्रायरचे तापलेले ट्रे यांतही तेच, तेही राहणार. सोलताना चुकली तर गराचे तुकडे होतील, भाव उतरेल, पण शेजारची बाई लगेच सांगते आणि दुसऱ्या दिवशी हात बसतो. काढलं. प्रतवारीत चुकली तर टेबलावर दुसरी बघतेच. तेही काढलं. मालकांना वाटलं मी ढिलाई करते आहे. त्यांना मी मागच्या हंगामातली ती मुलगी आठवून दिली. तिला सदतीस पानांची गरज नव्हती, एका पानाची होती, आणि ते तिला नीट समजायला हवं होतं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, करा.

आता कुलपं दोन.

कोर्स पूर्ण झाल्यावर सगळी पानं खुली राहतील हेही आजच पाहिलं. खेळाच्या पॅकेटात एक सेटिंग असं होतं की शेवटच्या प्रयत्नानंतर खेळ परत उघडतच नव्हता. ते काढलं.

३ फेब्रुवारी

नवी बी यायला लागली आणि नव्या अकरा जणी कामावर आल्या. कोर्स पहिल्यांदाच खऱ्या घाईत वापरला जातो आहे. सात जणींनी तेलाचा भाग पहिल्याच दिवशी केला. तिघींकडे स्वतःचा फोन नाही, मुलगा कॉलेजातून आला की त्याचा मिळतो. त्यांच्यासाठी माझा चाचणीचा फोन कारखान्यात ठेवला. प्रत्येकीचं वेगळं खातं आहे. पहिल्याच दिवशी एक बाहेर पडायची विसरली आणि दुसरीने तिच्याच खात्यात प्रश्न सोडवले. अॅपमधून आपोआप बाहेर पाडायची सोय मला सापडलेली नाही, म्हणून फोन मागायला येणारीला आधी सुपरवायझर ताई नाव विचारतात आणि खातं बदलून देतात. तात्पुरतं आहे.

एक गोष्ट मी धरलीच नव्हती. प्रतवारीच्या टेबलावर मुली फोन शेजारी ठेवून दोनशेचाळीस आणि तीनशेवीसचं पान उघडतात, हातातला गर फोटोशेजारी धरतात आणि मग टाकतात. ज्यांनी तो भाग अजून 'सुरू'ही केलेला नाही त्यासुद्धा. कुलूप असतं तर ते पान त्यांना आठवड्याने दिसलं असतं.

११ फेब्रुवारी

आतापर्यंतचा हिशेब: सर्व्हर तीन महिने २,१०० रुपये, फोन ४,२००, माइक १,१००, खेळ ९,०००, मिळून १६,४०० रुपये. माझे दिवस वेगळे. त्यातले निदान बारा-तेरा कुलपं लावण्यात आणि तीच काढण्यात गेले.

तेलाच्या भागातला आवाज माझा होता. पुस्तकी होता. आज काकींना पॅकिंगच्या खोलीत बसवून त्यांच्याकडून बोलून घेतला. त्यांनी लिहिलेलं वाचलं नाही. तळव्यावरचा जुना डाग दाखवत बोलल्या, आणि डाग आवाजात दिसणार नाही म्हणून मी त्याचाही फोटो घेतला. ४८ सेकंद. दुपारी चढवला, माझ्या फोनवर विद्यार्थिनी म्हणून पहिल्यापासून जाऊन पाहिला, आणि त्या पानाचं कुलूप तसंच ठेवलं.